परला आणि पडला

हेमाली लग्न होऊन खाडीकाठच्या त्या घरात आली आणि थोड्याच दिवसांत तिला कळून चुकलं, की इथे पोरं आजारी पडत नाहीत, अख्खं घर आजारी पडतं. एकाच्या नाकाला पाणी सुटलं की संध्याकाळपर्यंत ओटीवर सगळी नाकं वाहायला लागत. डोळे आले तर सगळ्यांचे आले, खरूज झाली तर सगळ्यांनी मिळून खाजवली. कांजिण्यांची साथ आली त्या वर्षी तर मोठ्या जावेने, सुगंधाने, ओटीवर एकच लांबलचक चटई अंथरली आणि ज्यांना कांजिण्या आल्या होत्या त्यांच्या शेजारी ज्यांना आल्या नव्हत्या त्यांनाही आडवं केलं. "येकदाच सगल्यांचा होऊन जाऊदे," ती म्हणाली. "वर्षभर कडुनिंब कोन आनत बसल?"

हेमालीला यात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं. तसं तिला बऱ्याच गोष्टींत वाटायचं. ती पालीची. वडील एसटीत कंडक्टर, घरात ही एकुलती एक. बदल्यांच्या गावांतून फिरता फिरता आईवडिलांची आगरी बोली पुसली गेलेली, त्यामुळे हेमाली बोलायची शाळेतल्या बाईंसारखं. तिला लहानपणी ताप आला तर वडील रजा टाकत, आई उशाशी बसे, कपाळाला बल्लाळेश्वराचा अंगारा लागे आणि शेजारीण मोसंबी घेऊन येई. आईने तिला एकच शिकवण मनापासून दिली होती: दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणाचंही पहिलं उत्तर खरं मानायचं नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायची, झाकण उघडून वास घ्यायचा, मग बाटली हातात देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. हे सगळं ती सासरी घेऊन आली.

सासरी तीन भाऊ एका चुलीवर. थोरला दयाराम, मग मधला, जो कुटुंबासह मुख्यतः जेवणाच्या वेळी दिसायचा, आणि धाकटा दिपेश, हेमालीचा नवरा. त्यांच्या बापाने हयात मिठागरावर काढली. पोरांनी मिठागर सोडून ट्रेलर घेतले, बंदरातून कंटेनर उचलायचे आणि देशभर पोचवायचे. पुरुष रस्त्यावर आणि बायकापोरं घरात, असा कारभार. अंगणात जुने टायर, साखळदंड, जॅक, पत्र्याचे तुकडे पडलेले. वाढत्या पोरांना लागून घ्यायला जे जे म्हणून काही लागतं ते सगळं तिथे हाताशी होतं, आणि नऊ-दहा पोरं त्याचा पुरेपूर उपयोग करत.

या सगळ्यांचा दवाखाना सुगंधा चालवायची. एका पत्र्याच्या डब्यात हळद, मलम, पट्ट्या आणि खोकल्याचं औषध. खोकला झाला की पोरांना रांगेत उभं करून एकाच चमच्याने सगळ्यांच्या तोंडात ती औषध ओतत जाई. तो चमचा मधे एकदा तरी धुतला जातो का, हे हेमाली बघत राही. बाटली रिकामी कशी होते यावरही तिची नजर असे, कारण सुगंधाच्या मुलांचा खोकला लवकर बरा होतो असा तिचा हिशोब होता. सुगंधाला हे कळत होतं. तिने एकदा बाटली हेमालीच्या नाकापुढे धरली आणि म्हणाली, "घे, हुंग. मीबी पितां थोरा, बग मरतां का?" सगळं घर हसलं. हेमालीही हसली, पण वास घेऊनच.

अशा घरात एक कायदा होता, आणि तो मेलेल्या सासऱ्यांनी घालून दिलेला होता. त्यांच्या चुलतभावाचं घर शेजारीच. दोन घरांच्या मध्ये पूर्वी एकच अंगण होतं, आता डोक्याइतकी भिंत आहे. ती भिंत एका दातामुळे उभी राहिली. एका पोराने दुसऱ्याचा दात पाडला, दोन आया भांडल्या, मग बाप आले, मग गवंडी आला. तेव्हा सासऱ्यांनी आपल्या घरापुरतं ठरवून टाकलं: "पोर परला, त परला. कोनी पारला ता इचाराचा नाय."

पालीचा 'पडला' या घराच्या बोलीत 'परला' होतो. पण हेमालीच्या लक्षात आलं, की तेवढ्यावर भागत नाही. डोकं फुटो, दात तुटो, पाय मुरगळो, पोरं एकसुरात 'परला' म्हणत आणि विषय संपे. ढकललं असेल, दगड मारला असेल, झाडावरून ओढलं असेल, तरी परलाच. ज्याने केलं तो सुटे आणि ज्याला लागलं तोही पुढच्या वेळी तसाच सुटे. सासूबाई, येसूबाई, या शब्दाच्या राखणीला ओटीवर बसलेल्या असत. कोणी सून जास्त चौकशी करू लागली की त्या नुसतं भिंतीकडे बोट दाखवत. इतक्या वर्षांत या घरात भांडणावरून चूल वेगळी झाली नव्हती, त्याचं सगळं श्रेय त्या एका शब्दाला होतं.

हेमालीला तो शब्द पहिल्या दिवसापासून खुपत होता. तिचा स्वतःचा मुलगा मोठा होईपर्यंत मात्र तो दुसऱ्यांच्या पोरांचा मामला होता.

मितांश, म्हणजे मितू, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. घरातलं शेंडेफळ, येसूबाईंचा जीव की प्राण. तो अंगणवाडीत जाऊ लागला आणि त्याच सुमारास एके दिवशी ओटीच्या पायरीवर त्याचं कपाळ फुटलं. हेमाली धावत आली तेव्हा त्याला उचलून घेतलं होतं सुगंधाच्या प्रणालीने, आणि तिच्या शाळेच्या ओढणीवर रक्त होतं. "परला," पोरं म्हणाली. सुगंधाने हळद दाबली, येसूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. हेमाली ओढणीवरचं रक्त बघत राहिली.

मग पाण्याच्या टाकीजवळ त्याचा ओठ फाटला, स्वतःचाच दात घुसून. तेव्हाही जवळ प्रणाली. मग हनुवटी फुटली, तेव्हाही प्रणालीच.

प्रणाली नववीत होती, उंच, किडकिडीत, शाळेत वक्तृत्वात नंबर काढणारी. शाळा सुटल्यावर लहान पोरांकडे लक्ष द्यायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ती जवळ असायची. हे साधं कारण हेमालीलाही दिसत होतं, पण साधी कारणं तिच्या गळी उतरत नसत. तिला दुसरंच आठवत होतं. मितूने प्रणालीचा मोबाइल पाण्याच्या पिंपात बुडवला तेव्हा येसूबाईंनी नातवाचा पापा घेतला होता आणि बोलणी प्रणालीला बसली होती. "मी काय यांची आया आहे?" असं प्रणाली त्या दिवशी मोठ्याने म्हणाली होती. ते वाक्य हेमालीने नीट जपून ठेवलं होतं.

हनुवटी फुटली त्या दिवशी प्रणाली आपणहून स्वयंपाकघरात आली. हेमालीशी ती नेहमी शाळेतल्यासारखं बोलायची, त्यात तिला थोडी ऐटही वाटायची.

"काकी," ती म्हणाली, "मितू परला नाय. पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे पडला. आपला आपणच."

"मी काही विचारलं का तुला?"

"नाही. पण मी सांगतेय. परला नाही, खरंच पडला."

हेमाली पोळी तव्यावर टाकायची विसरून तिच्याकडे बघत राहिली. ज्याने काही केलेलं नाही तो न विचारता खुलासे कशाला देईल? आणि एकच शब्द दोन तऱ्हेने कशाला म्हणून दाखवेल? वक्तृत्वात नंबर काढणारी पोर, शब्द फिरवायला तिला कोणी शिकवायला नको. पोळी करपली तेव्हा हेमालीचं मत पक्कं झालेलं होतं.

मग तिने मितूची जबानी घेतली. हातात क्रीमचं बिस्कीट होतं.

"बाळा, तुला कोणी ढकललं?"

"म्हाईत नाय."

"घाबरू नको. मी कोणाला सांगणार नाही."

"म्हाईत नाय ना."

"प्रणालीताईने ढकललं का?"

मितूने बिस्किटाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

दुसरं एखादं नाव घेऊन बघावं हे हेमालीला सुचलं नाही. सुचलं असतं, तर त्या बिस्किटापायी मितूने येसूबाईंचं, दयारामचं, फार काय दारातल्या ट्रेलरचंही नाव घेतलं असतं.

दिपेश फेरीवरून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो ट्रेलरची काच धूत होता, धूतच राहिला. "दादाच्या पोरीवर आल घेतंस?" तो म्हणाला. "येका घरान रातो आपन, हेमाली." एवढंच. तिला वाटलं, हासुद्धा त्यांच्यातलाच. मग ती एकटीच पहारा द्यायला लागली. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने अंगणात जायची, ताडपत्रीच्या आडून बघायची, प्रणालीची नखं बघायची, मितूची पाठ उघडी करून वळ शोधायची. वळ सापडत नसे, म्हणून तिची खात्री आणखी वाढे, कारण हुशार माणूस वळ ठेवत नाही.

आणि मग मितू ओटीवरून खाली आला, हात अंगाखाली सापडून कोपराजवळ मोडला. त्याही दिवशी प्रणाली ओटीवरच होती.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी हात प्लास्टरमध्ये घातला. मग त्यांनी मितूच्या कपाळावरची खूण पाहिली, ओठावरची पाहिली, हनुवटीवरची पाहिली, आणि सोबत आलेल्या सुगंधाला बाहेर बसायला सांगितलं. "घरात याला कोणी मारतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

हेमालीला रडूच आलं. इतक्या महिन्यांत कोणीतरी विचारलं होतं. "मला संशय आहे एकीचा," ती म्हणाली.

"तो पडतो तेव्हा तुम्ही स्वतः पाहिलंय का कधी?"

"नाही, पण..."

"मग आधी पाहा. काही दिवस त्याला नजरेपुढून हलू देऊ नका. तुमच्या समोर काय होतं ते मला येऊन सांगा."

हेमालीने त्यातलं तिला हवं तेवढं ऐकलं. डॉक्टरांनाही संशय आला, एवढं तिला पुरेसं होतं.

रविवारी दुपारी तिन्ही भाऊ घरी होते. पंक्तीला पापलेटचं कालवण होतं आणि दयाराम काटा काढण्यात गुंतलेला होता, तेव्हा हेमाली वाढता वाढता थांबली. "मितूचा हात कोणी मोडला ते आज मला कळलं पाहिजे," ती म्हणाली.

"परला," दयाराम मान वर न करता म्हणाला.

"परला नाही, दादा. पाडला. प्रणालीने."

हा प्रकार त्या घरात कधी घडलेलाच नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. येसूबाईंचं बोट सवयीने भिंतीकडे गेलं आणि अर्ध्यावर थांबलं. प्रणाली म्हणाली, "मी नाय. काकी, मी तुला सांगितलं होतं ना..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. सुगंधा उठली आणि तिने आपल्याच मुलीच्या थोबाडीत मारली. मग हेमालीकडे वळून म्हणाली, "झाला तुजा समाधान?"

दुसऱ्या दिवशी दयारामने प्रणालीला मोटारसायकलवर मागे बसवून रेवदंड्याला तिच्या मामाकडे पोचवलं. सहामाही संपली होती, दिवाळीची सुट्टी तोंडावर होती, तेवढं निमित्त झालं. परत आल्यावर तो ओटीवर बसून आईला म्हणाला, "दिवालीनंतर चुली येगल्या करू." त्या दिवशी येसूबाई जेवल्या नाहीत.

प्रणाली गेली आणि मितू पडायचा थांबला. म्हणजे निदान हेमालीला तसं दिसलं, कारण हात गळ्यात अडकवलेला मुलगा बराच वेळ बसूनच असायचा. "आता का नाही पडत?" तिने दिपेशला विचारलं. जिंकल्याचा आनंद मात्र तिला काही होईना. घरातली पोरं आता ती आली की बोलायची थांबत. कोणाचा गुडघा फुटला तर ते तिच्यापासून लपवून पळत. एकदा सुगंधाने खोकल्याच्या औषधाची नवीकोरी बाटली आणून तिच्या हातात ठेवली. "तुज्या पोराचा तू बग आता," ती म्हणाली. इतकी वर्षं हेमालीला वेगळी बाटली हवी होती. ती मिळाल्यावर तिला एकदम परकं परकं वाटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सगळी पोरं किल्ल्यासाठी माती आणायला गेली. प्लास्टरमुळे मितूला नेलं नव्हतं, म्हणून तो फुगून बसला होता. हेमाली अंगणात ताडपत्रीवर जवळा वाळत घालत होती आणि तो तिच्यासमोर उभा राहून कुरकुरत होता.

"मी माजा येगला किल्ला करनार. त्यांच्यापेक्षा मोटा. आनि त्याला ना येक..."

तो थांबला. डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागले, जणू तिच्या मागे कोणी येऊन उभं राहिलं होतं. आणि तो खाली कोसळला. हात पुढे न करता, ना आवाज ना ओरडणं, दोरीवरून ओलं पातळ घसरावं तसा.

हेमालीने काय केलं असेल? तिने त्याच्या मागे बघितलं. कोणी ढकललं ते बघायला. मागे भिंत होती, एक टायर होता आणि त्या टायरवर एक कोंबडी होती.

तेवढ्यात मितू उठून बसला. "येक तोफ पन," तो म्हणाला.

"मितू! तू पडलास ना आत्ता?"

"कवा?"

त्याच्या गालाला माती लागली होती आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याचं वाक्य मध्ये तुटलं होतं आणि त्याने ते जिथून तुटलं तिथून पुढे सुरू केलं होतं. 'म्हाईत नाय' असं तो इतके दिवस सांगत होता. घाबरून नव्हे, त्याला खरंच माहीत नव्हतं.

अंगणात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. तिच्या मनात एक विचार येऊन गेला आणि तो फार वाईट होता: हे कोणी पाहिलेलं नाही. पोराला गुपचूप डॉक्टरकडे नेता येईल, प्रणालीचं आहे तसंच राहू दिलं तरी कोणाला काय कळणार? स्वतःच्या मनात हे आलं याची तिला इतकी शरम वाटली, की मितूला काखोटीला मारून ती धावतच मागच्या दारी गेली. येसूबाई तिथे लसूण सोलत होत्या.

"आई, मितू पडला!"

"परला त परला," येसूबाई म्हणाल्या. "हलद लाव."

"परला नाय, आई. पडला. आपला आपणच पडला!"

बोलून झालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. प्रणालीचं वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. येसूबाईंनी लसूण खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात नेमका तोच संशय होता जो हेमालीने त्या पोरीला दाखवला होता: न विचारता ही एवढं का सांगतेय? हेमाली तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

चुलीपाशी सुगंधा होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, हेमालीकडे न बघता मितूला स्वतःकडे ओढून घेतलं, त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या. "डोले थांबलेवते का याचे?" तिने विचारलं. हेमालीने मान हलवली. "मंग रडतंस कनाला? गारी काराला सांग." आणि पदर खोचून तीच आधी गाडीत जाऊन बसली. त्या घरातून पोराला घेऊन दवाखान्यात एकटीने जायचं नाही, हेही तिथे न बोलता ठरलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पनवेलला तपासणीला पाठवलं. तिथे मितूच्या डोक्याला वायरी लावल्या. निदान झालं ते फिटचं. हातपाय झाडणारी, तोंडाला फेस आणणारी फिट घरात सगळ्यांना ठाऊक होती, गावात एकाला येतही होती. ही मात्र पापणी लवते न लवते तोवर येऊन जाणारी. "क्षणभर मेंदूचा ताबा सुटतो," अलिबागला परतल्यावर रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि लगेच परत येतो. त्याला कळतही नाही."

"म्हंजे लाईट जाऊन येते," सुगंधा म्हणाली.

"तसंच समजा. औषध बरीच वर्षं द्यावं लागेल, एकही वेळ न चुकवता. पडणं लगेच बंद होणार नाही, हळूहळू कमी होईल. पुष्कळ मुलं यातून पूर्ण बरी होतात."

परत येताना हेमालीने दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा सुगंधाने तिला थांबवलं. "मना काय सांगू नको," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "जिला सांगाचा, तिला सांग."

म्हणून हेमाली रेवदंड्याला गेली. एसटीने अलिबाग, तिथून रिक्षा. प्रणाली मामाच्या अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटे करत होती. काकीला बघून ती उभी राहिली, पण जागची हलली नाही.

"प्रणाली, माझं चुकलं," हेमाली म्हणाली. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच उरलं. "मितूला फिट येते. तो आपोआपच पडत होता. मी तुझ्यावर आळ घेतला."

"औषध चालू केलं का त्याला?"

"केलं."

प्रणालीने मान हलवली. हातातला बोंबील खाली ठेवून ती म्हणाली, "मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्या घरात परला आणि पडला एकच ना. आय म्हणाली असती परला, आजीपण म्हणाली असती परला. तुला वेगळं कळेल असं वाटलं, म्हणून तुझ्याकडे आले होते."

इतक्या माणसांच्या घरात त्या पोरीने विश्वासाने एकच माणूस निवडलं होतं, आणि ते नेमकं हे निघालं होतं.

प्रणाली दिवाळीला घरी आली. वेगळ्या चुलींचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. दयारामने पोरीसाठी नवा मोबाइल आणला, येसूबाईंनी तिच्या पानात करंज्या जास्त वाढल्या. माफी मागायची त्या घराची पद्धत ही एवढीच. सुगंधा हेमालीशी कामापुरतं बोलायला लागली. पोरांमध्येही एक बदल झाला. मितूच्या बाबतीत ती आता पालीचा शब्द वापरत. 'पडला' अशी हाक आली की अख्खं घर हातातलं टाकून धावे.

भाऊबीजेच्या दुपारी ओवाळून झालं आणि पोरं अंगणात पांगली. मितू लाडू खात खात ओटीकडे येत होता. मध्येच तो थांबला, त्याचे डोळे एका जागी थिजले. त्याच्या सगळ्यात जवळ प्रणाली होती, हात लांब केला असता तर धरता आलं असतं.

"धर त्याला!" दोघातिघांनी एकदम ओरडून सांगितलं.

प्रणालीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. मितू तिच्या पायाशी मातीत कोसळला.

सगळ्यांनी ते पाहिलं. सुगंधाने तोंड फिरवलं. हेमाली धावत जाऊन गुडघ्यांवर बसली, तिने मितूला कुशीवर वळवलं, त्याच्या तोंडातला लाडू काढला आणि भानावर येऊन तो उठू लागला तसं त्याला तिथेच निजवून ठेवलं. मग तिने वर बघितलं. प्रणाली तशीच उभी होती, हात मागेच, चेहरा पांढराफटक पडलेला. पोरीला मितूची भीती वाटत नव्हती. तिला अंगणातल्या डोळ्यांची भीती वाटत होती, आणि त्या डोळ्यांत पहिले डोळे हेमालीचे होते.

"धर त्याला, प्रणाली," हेमाली म्हणाली. "मी सांगतेय, धर. त्याचं डोकं मांडीवर घे."

प्रणालीने आधी आईकडे पाहिलं, मग आजीकडे, मग बापाकडे.

"काकी, बघतेस ना?" ती म्हणाली. "मी आता हात लावतेय. बघतेस ना नीट?"

"बघतेय गं," हेमाली म्हणाली, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला समोरचं काही धड दिसत नव्हतं.

प्रणाली खाली बसली. तिने एक हात पुढे घेतला, तळवा आधी सगळ्यांना दिसेल असा उलटा केला, आणि मग तो मितूच्या डोक्याखाली घातला.